गुडघे तेवढे राहिले

आधीच सांगून टाकते. या सदरातले अनुभव मी आजवर भाजी निवडता निवडता वाचले, आणि बहुतेक वेळा हसत वाचले. पांढऱ्या साडीतली बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... आमचे हे विचारायचे, "विनोदी आहे का गं काही?" मी म्हणायचे, "हो, तसंच धरा." देवाला हात जोडते, पण अमावस्या, नजर, उतारा असलं काही नाही. आयुष्यात खरी भीती मला पालीची वाटते, आणि ती जिवंत असते.

दुसरी अडचण त्याहून मोठी. आमच्या घराण्यात मी गोष्टी सांगणारी म्हणून बदनाम आहे. लग्नात पंगतीला उशीर व्हायला लागला की कुणीतरी म्हणतंच, "सुवर्णाला बसवा, ती सांगेल काहीतरी." आणि मी सांगते. घरात दूध उतू गेलेलं असलं तरी माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत त्याचा पूर झालेला असतो. त्यामुळे जेव्हा खरंच काहीतरी घडलं... तेव्हा ऐकून घ्यायला माणूस मिळेना. जे मिळाले ते म्हणाले, "बरं, पुढं?"

म्हणून इथे लिहितेय. तिखटमीठ न लावता. नावं बदलली आहेत, कारण केस अजून चालू आहे.

मी सोलापूरची. जुळे सोलापुरात फ्लॅट, एका शाळेत क्लार्क, वय पन्नाशीच्या पुढे, वजनाचं विचारू नका. माझी गौराकाकू भवानी पेठेत एकटी राहायची. काका जाऊन खूप वर्षं झाली, मूलबाळ नाही. पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे एवढंसं अंगण. आमचे आईवडील लवकर गेले, तेव्हा मला आणि माझ्या धाकट्या भावाला – मल्लूला – हिनंच वाढवलं. मल्लू चादरींच्या दुकानात नोकरीला आहे. रोज संध्याकाळी घरून डबा घेऊन काकूकडे जायचा, दोघं मनसोक्त भांडायचे, आणि तो परत यायचा. भांडण एकच. "हितं पत्र्याखाली भाजून मरशील, चल आमच्याकडं." आणि काकू म्हणायची, "मी कुटं येत न्हाई. माझं घर हितं हाय."

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी हे भांडण जरा जास्तच झालं. आदल्या दिवशी काकूला गल्लीत भोवळ आली होती, आणि तिनं ते मल्लूपासून लपवलं होतं. त्याला शेजाऱ्यांकडून कळलं. तो चिडला, ओरडला, आणि जाताना दारातून म्हणाला, "मर मग हितंच!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. डबा ठेवून तो निघाला आणि ठरल्याप्रमाणे रात्रीच्या बसनं दुकानाचा माल घेऊन पुण्याला गेला.

रविवारी सकाळी उशिरा मला फोन आला. काकू गेली.

मला वाटलं, ऊन लागलं असणार. सगळ्यांनाच तसं वाटलं. समोर राहणारी शांताक्का सकाळी चहापत्ती मागायला गेली, तर दार नुसतं लोटलेलं, आणि काकू आतल्या खोलीत चटईवर आडवी. शांताक्कानं आधी इरण्णाकाकाला बोलावलं. हा आमचा लांबचा चुलता. पेठेत आमच्या समाजात कुणी गेलं की पहिली हाक त्यालाच जाते, पुढचं सगळं तोच बघतो. आम्ही रिक्षा करून पोचलो तेव्हा दारात पोलीस. काकूच्या गळ्यावर वळ होता. तिची बोरमाळ नव्हती.

शांताक्का आणि इरण्णाकाका दोघांनीही पोलिसांना सांगितलं – आडवी होती, तशीच ठेवली, आम्ही हात लावला नाही. गळ्याकडे नजर गेली म्हणून तुम्हाला कळवलं.

मल्लू दुपारच्या बसनं पुण्याहून परत आला तो थेट पोलीस स्टेशनलाच. मला वाटलं जबाब घेऊन सोडतील. मी तर त्याच्यासाठी पिठलं टाकून ठेवलं होतं...

आता वेळेचं सांगते, कारण सगळं त्या वेळेवरच अडलं होतं. मल्लूसाठी केलेल्या वकीलसाहेबांनी मला पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट समजावला. माणूस गेलं की काही तासांत अंग ताठायला लागतं. आधी जबडा आणि मान, मग हात, शेवटी पाय. आणि पुढे बऱ्याच तासांनी त्याच क्रमानं ते सैल पडत जातं, वरून खाली. काकूची तपासणी रविवारी दुपार कलल्यावर झाली, तेव्हा मान आणि हात सैल होते, पाय मात्र ताठ. म्हणजे ताठरपणा पूर्ण येऊन आता वरून उतरायला लागला होता. तेवढा वेळ मागे मोजला की येते शनिवारची संध्याकाळ. शिवाय पोट रिकामं, डबा न उघडलेला. म्हणजे जेवायच्या आधीच.

शनिवारी संध्याकाळी तिथं कोण होतं? मल्लू. "मर मग हितंच" कोण म्हणालं? मल्लू.

मी म्हटलं, "पण अंग किती थंड पडलं त्यावरून पण कळतं ना?"

वकीलसाहेब म्हणाले, "ताई, सोलापूरचा मे. बाहेरची हवाच माणसापेक्षा गरम. ते थंड कशानं पडणार?"

मल्लूच्या घराची झडती झाली. बोरमाळ सापडली नाही, तर म्हणे पुण्यात विकली. त्याच्या बायकोनं दाराला आतून कडी लावून घेतली ती कुणाला उघडेचना. आणि जामीन फेटाळला गेला.

वकीलसाहेब एकच म्हणत होते. "त्या रात्री तो बसमध्ये बसल्यानंतर काकू जिवंत होत्या असं दाखवणारं काहीतरी आणा. काहीही. कुणी खोकताना ऐकलं असेल तरी चालेल." मी गल्लीतलं एकेक दार वाजवलं. पण त्या रात्री निम्मे गच्चीवर झोपलेले, बाकीच्यांच्या घरात कूलर सुरू. कुणी काही ऐकलं नव्हतं. जे ऐकलं होतं ते एकच वाक्य, आणि ते पोलिसांकडे आधीच होतं.

मल्लूला भेटायला जेलमध्ये गेले तेव्हा तो जाळीपलीकडे उभा होता. दाढी वाढलेली, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागलेला. मी नेहमीप्रमाणे काहीतरी गमतीचं सांगायला गेले – शाळेतलं, हेडमास्तरांचं. तो ऐकत होता की नाही कुणास ठाऊक. मधेच म्हणाला, "अक्का, डॉक्टर खोटं कशाला बोलंल?"

"म्हणजे?"

"मी गेलो तवाच ती गेली म्हणत्यात. मी रागात होतो. दार आपटलं ते आठवतंय. त्याच्या आधीचं नीट आठवंना झालंय. मी हात उचलला असंल का गं?"

"येडा झालास का तू?"

"रोज विचारत्यात. रोज तेच विचारत्यात. कधीतरी वाटतं, व्हय म्हणावं आन् झोपावं."

त्या दिवशी बाहेर येऊन मी जेलच्या भिंतीला टेकून उभी राहिले. लोक बघत होते. रिक्षावाला म्हणाला, "ताई, पाणी देऊ का?" मी त्याला चक्क म्हटलं, "नको, वजन कमी करतेय." अशी मी बावळट. हसूही येईना आणि रडूही येईना.

काकूच्या घराची किल्ली पोलिसांनी परत दिली ते पावसाळा तोंडावर आलेला, पण आलेला नाही, असे दिवस होते. मी शाळेला रजा टाकून दुपारची तिथं गेले. एकटीच. यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, पोलिसांनी बघितलंय सगळं, तू काय नवीन शोधणार? खरंच होतं ते. तरी गेले. डबे उघडले, गाद्या उचलल्या, भांडी उपडी केली, कोनाड्यातली विभूतीची डबीसुद्धा हुंगून बघितली. कशासाठी, देव जाणे. एक माणूस रात्रभर जिवंत होतं याची खूण घरात कशी राहते? उशीवरचा खळगा? अर्धा प्यालेला तांब्या? असलं तरी ते त्या रात्रीचंच कशावरून?

लाईट गेली. पंखा थांबला. वरून पत्रा कडकड वाजत होता, उन्हानं वाजतो तसा. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

तिथून मान वर केली तर आतल्या खोलीच्या कोपऱ्यात काकू बसली होती.

धूसर नाही, पांढरी नाही, काही नाही. रोजची हिरवट साडी. पाठ भिंतीला, मान सरळ, दोन्ही हात मांडीवर. पत्र्याला एके ठिकाणी काच बसवलेली आहे, तिथून उजेड पडतो, तो नेमका तिच्या हातांवर पडला होता. उजव्या तळहातात तिचं इष्टलिंग होतं, आमच्यात गळ्यात बांधतात ते, चांदीच्या डबीतून काढलेलं. पाय मात्र सरळ समोर पसरलेले. लहान मुलीच्या बाहुलीला भिंतीला टेकवून बसवलं की पाय पुढे येतात ना, तसे. मला तिचे तळवे दिसत होते. भेगा पडलेल्या टाचा.

मी ओरडले नाही. खोटं वाटेल, पण मला भीतीच वाटली नाही. मला वाटलं, अरे, ही बसलीय की इथे. मग आम्ही एवढा गोंधळ कशाचा घातलाय?

ती वैतागून म्हणाली – तिचा नेहमीचा वैताग, रेशनच्या रांगेतून आल्यावरचा – "मोणकाल तेवढं राहिलं की गं, सुवर्णा."

मोणकाल म्हणजे कानडीत गुडघा. काकू निम्मं कानडीच बोलायची.

लाईट आली. पंखा कुरकुरला, मी दचकून वर बघितलं, परत खाली बघितलं... कोपऱ्यात झाडू उभा होता. बाकी काही नाही. मी उठून तिथल्या फरशीवर हात ठेवला. गरम होती. सगळीच फरशी गरम होती.

घरी येऊन यांना सांगितलं. यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग कांदा फोडून हुंगायला दिला. "ऊन लागलंय तुला. आणि सुवर्णा, हे बाहेर सांगू नकोस. वकिलांना तर नकोच." मी अर्थातच दुसऱ्या दिवशी वकिलांना सांगितलं. माणूस भला. हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "ताई, साक्षीदार जिवंत असावा लागतो."

इथं एक सांगायला हवं. आमच्या समाजात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातात त्याचं लिंग ठेवतात, आणि तसंच बसलेलं पुरतात. काकूच्या बाबतीत ते झालं नव्हतं. पोस्टमॉर्टेम करून तिला ज्या अवस्थेत परत दिलं त्यात तिला बसवणं आमच्यापैकी कुणाला जमेना, आणि ज्याच्या हाताला ते जमतं तो इरण्णाकाका बीपी वाढलं म्हणून मातीलाच आला नाही. आम्ही तिला आडवंच ठेवलं. मला वाटलं, तेच सांगायला आली असणार. मांडी राहिली माझी. आयुष्यभर दुसऱ्यांचं नीट केलं आणि तिचंच...

आता मजा बघा. भुताखेतावर विश्वास नाही म्हणणारी मी, शांताक्काकडे जाऊन विचारायला लागले की याच्यावर काही विधी असतो का. भाऊ आत आहे, जामीन होत नाहीये, आणि ही बाई काकूच्या मांडीचा विधी विचारत फिरतेय. पण दुसरं करण्यासारखं माझ्या हातात उरलंच काय होतं?

शांताक्का दारात बसून ज्वारी पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं. काकू कशी बसली होती, पाय कसे पसरले होते, काय म्हणाली. नेहमी माझी गोष्ट ऐकताना शांताक्का मधे मधे "अय्यो!" म्हणते. या वेळी म्हणाली नाही. सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

"कोण सांगितलं तुला?" ती म्हणाली.

"काय कोण सांगितलं? मी बघितलं."

"इरण्णा बोलला?"

"इरण्णाकाकाचा काय संबंध?"

शांताक्काचं तोंड वाकडं झालं. मला आधी वाटलं तिला झटका आलाय. मग कळलं ती रडतेय. "मी न्हाई सांगितलं," ती म्हणायला लागली. "सुवर्णा, तू ऐकलीस न्हवं, मी न्हाई सांगितलं. लिंगाला हात लावून शपथ घातलीय मला. गौरानंच सांगितलं, तिची तिनं सांगितलं, माझी शपथ मोडली न्हाई..."

मग ते बाहेर आलं.

त्या रविवारी त्या दोघांनाही वाटलं होतं की काकू उन्हानंच गेली. मे महिना, पत्र्याची खोली, बसवायला उशीर करून चालणार नव्हता. मान आणि हात आधीच ताठले होते. इरण्णाकाकानं कोमट पाणी मागितलं, सांधे चोळले, मग मान दाबून सरळ केली, कोपरं मोडून हात मांडीवर आणले. त्याला ते येतं, उभी हयात त्यानं तेच केलंय. काकूला भिंतीला टेकवून बसवलं. शांताक्का पायाशी बसून विभूती लावत होती. गुडघे तेवढे राहिले होते, ते वाकेनात. "जरा तेल आण," असं इरण्णाकाका म्हणाला, आणि तेवढ्यात त्याला गळ्यावरचा वळ दिसला.

"मग त्यो पांढराच पडला," शांताक्का म्हणाली. "म्हणाला, शांते, ह्ये खुनाचं हाय. आपण हात लावलाय. दोघांला बी आत घालत्याल. परत आडवी केली आमी. जशी हुती तशी."

जशी होती तशी. पण मान सैल झाली होती. हात सैल झाले होते. इरण्णाकाकानं ते स्वतःच्या हातांनी सैल केले होते, आणि एकदा मोडलेला ताठरपणा काही परत येत नाही. पाय तेवढे ताठत गेले, कारण पायांपर्यंत त्याचे हात पोचलेच नव्हते. गुडघे तेवढे राहिले होते.

वरचं सैल, खालचं ताठ. डॉक्टरनं जे बघितलं त्यावरून वेळ काढली. ते झालं कशानं, हे त्या डॉक्टरबाईला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी शांताक्काचा दंड धरून तिला उठवलं. सूप तिथंच, ज्वारी अंगणभर. थेट इरण्णाकाकाच्या ओट्यावर.

तो सुपारी कातरत बसला होता. आम्हा दोघींना एकत्र बघितलं आणि समजला. "शांती बोलली व्हय?"

"काका, मल्लू आत आहे," मी म्हटलं.

"मग मी बी आत जाऊ का? सत्तरीला आलो. नातीचं लगीन ठरलंय. आडवी हुती ती, आडवीच हुती. मी काय बी केलं न्हाई."

"तो म्हणतो, हो म्हणून टाकावं आणि झोपावं."

इरण्णाकाकाचा अडकित्ता थांबला, परत सुरू झाला. "शांतीनं तुला सांगितलं, आन् तू त्याची भुताची गोष्ट केलीस. तुझ्या गोष्टी मला ठाऊक न्हाईत व्हय? चार लग्नांत ऐकल्यात की." मग आवाज खाली आणून, डोळे बारीक करून म्हणाला, "बरं. तू बघितलंस म्हणतीस न्हवं? मग सांग. लिंग कुटल्या हातात हुतं तिच्या?"

"डाव्या," शांताक्का लगेच म्हणाली. "दुसऱ्या कुटल्या असंल?"

"उजव्या," मी म्हटलं.

शांताक्का माझ्यावर ओरडली. "अगं, डाव्यातच ठेवत्यात! एवढं बी ठाऊक न्हाई तुला? घालवलंस की सगळं!"

"मला माहितीये, शांताक्का. पण तिच्या उजव्याच हातात होतं. उजेड त्यावरच पडला होता."

इरण्णाकाकानं अडकित्ता बाजूला ठेवला. सुपारीचे तुकडे एक एक करून पानाच्या डब्यात भरले. मला वाटलं आता हा उठून आत जाणार आणि दार लावून घेणार.

"किती माणसं बसवली मी," तो म्हणाला. "कदी चुकलो न्हाई. त्या दिवशी ऊन डोक्यात गेलं हुतं, घाई झाली. उजव्यातच ठेवलं. मग ध्यानात आलं. हात बदलावा म्हणून गळ्यातला लिंगाचा दोरा जरा वर उचलला, आन् त्येच्याखाली त्यो वळ दिसला." तो शांताक्काकडे बघत होता. "तुला बी ठाऊक न्हवतं. तू पायापाशी हुतीस, डोळं मिटून जप करत हुतीस. मी बायकोला बी सांगितलं न्हाई. मला लाज वाटली."

तो भिंतीला धरून उठला आणि म्हणाला, "माझी चप्पल बघ गं, सुवर्णा. कुठं काढलीय काय की."

पुढचं सोपं नव्हतं, पण निदान पुढं काहीतरी होतं. दोघांचे जबाब झाले. पोलीस नको नको ते बोलले. कोर्टानं डॉक्टरला पुन्हा बोलावलं. माझ्या मुलीएवढी पोरगी, डोळ्यांखाली काळं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. शांताक्कानं सांगितलं की विभूती लावताना गुडघे जड लागत होते, पण पायाची बोटं अजून मऊ होती, हातानं वळत होती. डॉक्टर म्हणाली की आदल्या संध्याकाळी मृत्यू झाला असता तर त्या उकाड्यात सकाळी उशिरापर्यंत बोटं मऊ राहिली नसती. म्हणजे ताठरपणा तेव्हा नुकताच खाली पोचत होता. मृत्यू पहाटेचा असायला हवा. मग पोट रिकामं का, तेही सरळ झालं. काकू रागानं जेवलीच नव्हती.

पहाटे मल्लू पुण्यात स्वारगेटला चादरींचे गठ्ठे उतरवत होता. ते बघणारे चार हमाल होते.

बाहेर पडताना डॉक्टर शांताक्काजवळ थांबली. रागावली नाही. म्हणाली, "मावशी, हे त्या दिवशी दारातच सांगितलं असतं तर..." शांताक्कानं तिचे हात धरले आणि सोडेचना.

मल्लूला जामीन मिळाला. इरण्णाकाकावर पुरावा लपवल्याचं कलम लागलंय, तो तारखांना जातो, नातीचं लग्न झालं. पहाटे सडा टाकायला काकूनं दार उघडलं असणार आणि कुणीतरी आत आलं असणार, एवढंच आता पोलीस म्हणतात. कोण, ते अजून कळलेलं नाही.

आमच्या ह्यांचा खुलासा असा की मी कधीतरी कुणाच्या तरी बोलण्यातून ऐकलं असणार आणि मनानं त्याचं चित्र बनवलं. मी मान्य करायला तयार आहे. पण कुणाच्या बोलण्यातून? गुडघ्यांचं दोघांना ठाऊक होतं. हाताचं एकालाच, आणि तो एकटा लाजेनं गप्प होता. यावर हे म्हणतात, "पन्नास टक्के चान्स होता, उजवा नाहीतर डावा." हेही खरंच. तरी आमच्यात जन्मलेलं कुणीही अंदाजानं उजवा म्हणणार नाही, हे ह्यांनाही माहीत आहे. मग ते पेपर उघडतात.

मल्लू सुटून आल्यावर काही दिवस आमच्याकडेच होता. फार बोलायचा नाही. एका सकाळी गॅलरीत बसून होता, मी चहा घेऊन गेले, तर म्हणाला, "अक्का, ती तिथं बसली हुती तवा... माझ्याबद्दल काही म्हणाली?"

त्याला काय ऐकायचं होतं ते मला कळलं. "मर मग हितंच" असं म्हणून तो निघाला होता आणि ती उपाशी झोपली होती. एक वाक्य पुरलं असतं. मल्लूवर रागावले नाही म्हणावं... तिच्याच आवाजात, तिच्याच कानडीत मी ते इतकं छान सांगितलं असतं की त्याला तिथल्या तिथे रडू फुटलं असतं. ओठांवर आलं होतं.

"नाही रे," मी म्हटलं. "गुडघ्यांचंच बोलली फक्त."

त्यानं मान हलवली. चहाचा कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "शेपूची भाजी हुती डब्यात. तिला आवडती म्हणून सांगून करवून घेतली हुती..."

काकू त्या दुपारी त्याला सोडवायला आली होती, की नुसतं आपलं राहिलेलं सांगायला, हे मला आजही माहीत नाही. म्हणून त्यालाही ती बोलली तेवढंच सांगितलं.